दुसरी रेघ

“मग आई, तूच दाखव ना यांना करून! आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर!” असं ती म्हणाली आणि सिस्टरच्या हातातून कापसाचा बोळा खाली पडला. बोळा पडल्याचा काही आवाज होत नसतो, पण पोरीला तो ऐकू आला. जिन्यात खालच्या पायरीपासून वरच्या वळणापर्यंत इमारतीतली माणसं बसली होती, काही कठड्याला रेलून उभी होती, आणि त्यांच्यातल्या कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट सगळे एकदम खुलले. “बरोबर बोलली पोरगी!” असं लिफ्टवाले काका म्हणाले. लिफ्ट कायमची बंद असल्यामुळे ते कायमचे मोकळे असायचे आणि कुठल्याही बाजूने बोलायला त्यांना वेळ असायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर टाळीच वाजवली. ती मात्र आईकडे बघत होती. आई हसत होती. हसत होती खरी, पण ते हसू आधीपासून चेहऱ्यावर होतं तेच होतं, पाहुणे निघून गेल्यावर मालवायचा राहिलेल्या दिव्यासारखं.

तसं बघितलं तर तिचं काय चुकलं होतं? आई महिन्यातले कितीतरी रविवार सिस्टरबरोबर अशीच कुठे कुठे जायची. गॅरेजमध्ये, मुलींच्या वसतिगृहात, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत. माणसं जिथे राहतात, राबतात तिथेच जाऊन बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त घ्यायचं आणि एचआयव्ही आहे की नाही ते तिथल्या तिथे बघायचं. टोचण्याआधी बोलायचं, टोचल्यावरही बोलायचं. टोचणं सिस्टरचं, बोलणं आईचं. दवाखान्यात या म्हटलं की माणसांना शंभर कामं आठवतात, मग दवाखान्यानेच उठून त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसायचं, असं आईचं साधं गणित. आज पाळी त्यांच्याच इमारतीची होती. “आपल्याच घरात नको गं,” असं सिस्टर म्हणाली होती, “रोज जिन्यात भेटणाऱ्या बाईसमोर कोण बोट पुढे करणार?” आणि आई म्हणाली होती, “इथे जमलं नाही तर बाहेर कुठल्या तोंडाने सांगू?” मग जिन्याखालच्या टेबल टेनिसच्या खोलीत दोरी बांधून चादर लावली. दोरी बांधायला खुर्चीवर तीच चढली होती, आणि उतरताना उगाचच उडी मारली होती. हल्ली ती कुठूनही उतरताना उडीच मारायची. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला वाटायला लागलं होतं की जगात अडलेल्या गोष्टी केवळ कुणी धड बोलत नाही म्हणून अडलेल्या आहेत. इमारतीत तिला ‘तोफ’ म्हणायचे. आधी तिला राग यायचा, आता ती वळून ओ द्यायची.

तर माणसं जमली, पण उठेना कोणी. आईने सगळं समजावलं, कसं टोचतात, किती थोडं दुखतं, निकाल फक्त ज्याचा त्यालाच कळतो. माना हलल्या, पायऱ्या भरल्या होत्या त्या भरलेल्याच राहिल्या. मग काकूंनी पदर खोचला. त्या पदर खोचायला लागल्या की वरच्या मजल्यावरचेसुद्धा दारात येऊन उभे राहायचे. “बाई, तुमचं सगळं पटलं हो,” त्या म्हणाल्या, “पण आमच्याच मागे का ही टोचाटोची? आम्ही काय तसली माणसं आहोत? तुम्ही स्वतः केलीये का कधी? की आपली दुसऱ्याच्या बोटावरच शूर?” जिना हसला. आणि तिचं रक्त उसळलं. तिच्या आईला कुणी असं म्हणावं! तोंड आपोआप उघडलं, आवाज आपोआप लागला, हात आपोआप पुढे गेला, स्पर्धेत गेला होता तसाच, आणि ते वाक्य जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन आदळून परत आलं. सगळ्यांसमोर. समोर. मोर.

“अहो, माझं घ्या की बोट!” सिस्टर बोळा उचलत म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर होता. “माझंच असतं हे काम. सगळीकडे मीच दाखवते.” सगळीकडे मीच. हे शब्द ऐकले आणि आईच्या मघाच्या हसण्याचा अर्थ तिला दिसायला लागला. खरंच की. गॅरेजमध्ये त्या काळ्याकुट्ट हातांच्या पोरांसमोर सिस्टरने आपलं गुबगुबीत बोट पुढे केलं होतं आणि “बघा, हत्तीलासुद्धा दुखत नाही,” म्हणून त्यांना हसवलं होतं. वसतिगृहात सिस्टरच. बांधकामावर सिस्टरच. सिस्टरच्या बोटांची टोकं शिवणाच्या टोपणासारखी ठिपक्याठिपक्यांची झाली होती. आईचं बोट कधीच नाही. का नाही? सुईला घाबरते म्हणावं तर आई कशालाच घाबरत नव्हती. पालीला शेपटी धरून बाहेर टाकणारी बाई. मग का?

प्रश्न नुसता पडायचा अवकाश, की कुठल्या कुठल्या गोष्टी धावत आल्या, जणू इतकी वर्षं दाराबाहेर चपला काढून बसल्या होत्या. रात्रीच्या जेवणानंतरची आईची ती एक गोळी. “ताकदीची आहे,” आई म्हणायची, आणि लहानपणी हिने विचारलं होतं, मग तू अजून ताकदवान का दिसत नाहीस? त्यावर आई इतकी हसली होती की पाण्याचा घोट नाकात गेला होता. गावाला गेलं, लग्नाला गेलं, अंगात ताप असला, दुनिया इकडची तिकडे झाली तरी ती गोळी चुकायची नाही. आई भिंतीकडे तोंड करून ती घ्यायची, प्रार्थना करावी तशी. एकदा भाजी चिरताना आईचं बोट चांगलंच कापलं आणि ही रुमाल घेऊन धावली तेव्हा आई केवढ्याने ओरडली होती, “हात लावू नकोस!” बोटापेक्षा त्या ओरडण्यानेच ही रडली होती, आणि मग आईने बोट गुंडाळून, विळी घासून, ओटा दोनदा पुसून, एवढं सगळं झाल्यावर तिला कुशीत घेतलं होतं. फोटोंच्या अल्बममध्ये तान्ही ती सगळीकडे बाटलीने दूध पिताना. “तू हट्टी होतीस, अंगावर प्यायचीच नाहीस,” अशी गोष्ट ठरलेली, आणि तिने ती मैत्रिणींना स्वतःच्या हट्टीपणाचा पुरावा म्हणून किती वेळा ऐकवली होती. आणि बाबा, ज्यांना ती फोटोतूनच ओळखायची, जे ती रांगायला लागायच्या आतच गेले. फुप्फुसाच्या तापाने. असा कुठला ताप असतो का? इतक्या उंच, रुंद खांद्यांच्या माणसाला नेणारा?

आईला आहे. एवढे दोनच शब्द तिच्या डोक्यात उभे राहिले आणि बाकी सगळं बसलं. आईला आहे, आणि हे सिस्टरला माहीत आहे, आणि या जिन्यातल्या कुणाला माहीत नाही. ज्या जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याला साधी कावीळ झाली तर लोकांनी कठड्याला हात लावणं सोडलं होतं, त्या जिन्यासमोर तिने, आईच्या पोटच्या पोरीने, छान हात वगैरे उंचावून आईला बोट पुढे करायला सांगितलं होतं. आता आई नाही म्हणाली तर काकू उद्यापर्यंत गच्चीपासून तळघरापर्यंत सगळं सांगून मोकळ्या होतील. आणि हो म्हणाली तर?  

“माझं घ्या!” ती ओरडली. “आईचं कशाला, माझं घ्या! मी तरुण आहे, माझं रक्त ताजं आहे!” पुन्हा हशा. लिफ्टवाले म्हणाले, “अगं, भाजी आहे का ती?” आईने मात्र तिच्याकडे बघितलं. ती नजर आयुष्यभर विसरायची नाही असं तिला बघतानाच कळलं. त्या नजरेत राग नव्हता. भीतीही नव्हती. त्यात ‘कळलं ना तुला?’ असं होतं, आणि ‘बरं झालं’ असंही काहीतरी होतं, खूप वेळ डोक्यावर धरलेली वस्तू खाली ठेवताना चेहरा होतो तसं.

“प्रश्न मला विचारलाय,” आई म्हणाली. “बोट माझंच जाईल.”

आई पायरीवर बसली, काकूंच्या अगदी समोर, आणि डावा हात पुढे केला. सिस्टरने आईकडे एकदा बघितलं, नक्की ना, अशा अर्थाने, आणि आईने पापण्या मिटून उघडल्या. जिना पुढे झुकला. तिनेही बघितलं, जणू आईचा हात पहिल्यांदाच बघत होती. करंगळीशेजारच्या बोटावर सिस्टरने स्पिरिटचा बोळा फिरवला, वाळू दिलं, ती छोटी निळी टोचणी टेकवली. टक्. पहिला थेंब पुसून टाकला. मग बोट जरासं दाबलं, आणि दुसरा थेंब वर आला. तो लगेच आला नाही. आधी नुसता ठिपका, मग मण्याएवढा, मग गोल, टच्च, चकचकीत, जिन्यातल्या खिडकीचा चौकोन त्याच्यात इवलासा होऊन बसलेला. असा लाल रंग तिने कुठे बघितला नव्हता. आणि तिच्या डोक्यात आलं, मी याच्यात होते. नऊ महिने मी याच्याच शेजारी झोपले, खाल्लं, लाथा मारल्या. काकूसुद्धा मान पुढे काढून बघत होत्या. थेंब सगळ्यांना सारखाच दिसतो. तो कुणाचा आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

सिस्टरने बारक्या नळीने थेंब उचलला, पांढऱ्या पट्टीच्या खिडकीत सोडला, वर औषधाचे दोन थेंब घातले आणि पट्टी ताटलीखाली झाकली. “आता हे आत,” ती म्हणाली. “निकाल बघायचा तो पडद्याआड, आणि तोही ज्याचा त्यानेच. हा सगळ्यांना सारखा नियम.” आई उठली, ताटलीने झाकलेली पट्टी हातात घेतली आणि चादरीपाशी जाऊन थांबली. “ये,” तिला म्हणाली. फक्त तिला.

आत टेबलाची जाळी तशीच लावलेली होती. जाळीच्या एका बाजूला कापूस, हातमोजे, सुयांचा पिवळा डबा; दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ, जे सिस्टरने आत डोकावून पिळून लावून दिलं होतं. या घड्याळाची गंमत तिला माहीत होती. पट्टीवर निकाल उमटेपर्यंत थांबायचं आणि घड्याळ वाजेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, निकाल काही का असेना. ज्याचं काही निघालं नाही त्यालाही आई बसवून ठेवायची, बोलत राहायची, पोरांच्या शाळेचं, सांधेदुखीचं, क्रिकेटचं, कशाचंही. कारण बाहेर बसलेली माणसं काय बघतात? कोण लवकर आलं आणि कोणाला वेळ लागला. सगळ्यांना सारखाच वेळ लागला तर बघणाऱ्यांना वाचायला काही उरत नाही. हे तिला इतके दिवस नुसतं हुशारीचं वाटलं होतं. आता त्या खुर्चीवर बसल्यावर वाटलं, कुणीतरी खूप प्रेमाने शोधून काढलंय हे.

“बोल,” आई म्हणाली. “आत्ताच तर तोंड एवढं चालत होतं.”

“मला माहीत नव्हतं गं. मी मुद्दाम नाही...”

“ते कळलं मला.”

“तुला आहे?”

“आहे.” आईने हे असं म्हटलं, जसं कुणी विचारावं घरात मीठ आहे का. “तुझ्या जन्माच्या आधीपासून.”

“आणि मला कधी सांगणार होतीस?”

“दर वाढदिवसाला. दर वाढदिवसाला ठरवायचे, आज सांगायचं. एका वर्षी तुझा दात पडला आणि तू तो सगळ्यांना दाखवत फिरत होतीस. एका वर्षी तुला कांजिण्या. एका वर्षी तू सकाळपासून नाचत होतीस, आणि मी म्हटलं नाचू दे. दुसऱ्यांच्या पोरांना कसं सांगायचं हे मी शिकवते गं, आयाबायांना समोर बसवून शिकवते. आणि माझ्या घरात माझीच दातखीळ बसते.”

तिला हसू आलं आणि हसताना डोळे भरून आले, दोन्ही एकदमच, आणि तिला ते आवरता येईना. ताटलीखाली काय चाललं होतं? तिने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. तिने ताटली उचलली. पांढऱ्या पट्टीवरून गुलाबी ओल पुढे सरकत होती, ओल्या जमिनीवरून पाणी जावं तशी, कसली घाई नसलेली. एक रेघ उमटली होती. “ही सगळ्यांचीच येते,” आई म्हणाली, “पट्टी नीट चालतेय एवढंच सांगते ती. आता बघ.” आणि तिने बघितलं. श्वास रोखून, नाक पट्टीला लागेल इतकं वाकून. आधी तिथे काही नव्हतं. मग डोळ्यांना भास झाल्यासारखं काही होतं. मग भास नव्हता. पांढऱ्याच्या आतूनच कुणीतरी नखाने ओढावी तशी दुसरी रेघ वर आली, फिकट, मग ठळक, मग इतकी स्वच्छ की पुन्हा विचारायची सोय नाही.

“तो विषाणू आहे हा?” तिने कुजबुजत विचारलं. “रेघेत?”

“नाही गं. लोकांना तसंच वाटतं. तो आता माझ्या रक्तात शोधायला गेलं तर सापडतसुद्धा नाही. त्या गोळीने त्याला इतकं दाबून ठेवलंय, की माझ्याकडून तो कुणाला लागतही नाही. ही रेघ त्याची नाही. तो आत शिरला तेव्हा माझ्या शरीराने त्याच्याशी लढायला जे उभं केलं ना, त्याची ही रेघ. ते अजून उभं आहे. इतकी वर्षं. पट्टीला दिसतं ते तेच.”

ती रेघेकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी खोकलं, कुणाचं तरी पोर पायऱ्यांवर उड्या मारत होतं, पंख्याने चादर आत-बाहेर होत होती. पण तिला ते सगळं लांबून ऐकू येत होतं. या बाईच्या आत एक फौज उभी होती. आई डबा भरून द्यायची तेव्हा ती उभी होती, वेणी घालताना उभी होती, गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी ‘झोप आता’ म्हणून दिवा मालवायची तेव्हाही उभी होती. न बसता. कुणाला न सांगता. आणि हिला वाटत होतं, आई म्हणजे घरात असणारी बाई.

“आणि मी?” तिला हे विचारायला इतका वेळ का लागला? “मी तर तुझ्या आतच होते ना गं?”

“तुझी केली. तू एवढीशी होतीस. बोट कसलं, तुझ्या टाचेला टोचलं होतं. तू अशी काही किंचाळलीस की शेजारच्या खोलीतली बाळं जागी झाली. तेव्हाच सिस्टर म्हणाली होती, ही बोलणार बाई, ही फार बोलणार.” आईने तिच्या पायाकडे बघितलं, बुटातल्या टाचेकडे, जणू तिथे अजून ठिपका असेल. “पोटात होतीस तेव्हा मी रोज गोळी घ्यायचे. एक चुकली की संपलं, असं मी स्वतःला सांगून ठेवलेलं. जन्मल्यावर तुला थोडे दिवस औषध पाजलं, कडू, तू थुंकायचीस. मग टेस्ट. मग मोठी झाल्यावर पुन्हा टेस्ट. तुला काही नाही. तू स्वच्छ कोरी आलीस.”

तिला वाटलं आपण आत्ता खुर्चीवरून वर उचलले जाऊ. कशाकशाच्या शेजारून ती आली होती! मधे काय असेल, एक पातळ पडदा, बाहेरच्या त्या चादरीहून पातळ, आणि पडद्याच्या पलीकडे ते सगळं चाललेलं, आणि अलीकडे ही, आरामात अंगठा चोखणारी. आणि रोज भिंतीकडे तोंड करून कुणीतरी एक गोळी गिळत होतं म्हणून तिला बोटं मिळाली, आवाज मिळाला, स्पर्धेतला तो पेला मिळाला, आज जिन्यात उभं राहून ओरडायला हे तोंड मिळालं. तिने आपल्या हाताकडे बघितलं. मनगटाच्या आत निळी शीर, तिच्यात लपलप उडणारं काहीतरी. हे चालूच होतं. कुणी न सांगता हे चालूच होतं.

“आणि बाबा?”

आईने पट्टीवर ताटली परत झाकली. घड्याळ टिकटिकत होतं. “त्यांना वेळेत कळलंच नाही गं. आजारी पडले, दवाखाने झाले, हे तपासा ते तपासा. हे तपासायचं कुणाला सुचलं नाही, आणि आमच्यातल्या कुणाला विचारायचा धीर नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्यामुळे माझी टेस्ट झाली, आणि ती झाली म्हणून तू वाचलीस. औषध तेव्हाही होतं. माझ्या गोळीसारखीच गोळी. फक्त कुणी तरी त्यांच्या जिन्यात येऊन बसायला हवं होतं.”

म्हणजे हे रविवार त्यांचे होते. गॅरेजमधला प्रत्येक पोरगा, बांधकामावरचा प्रत्येक माणूस तिच्या रुंद खांद्यांच्या बाबांच्या खुर्चीत बसत होता आणि आई प्रत्येकाला वेळेवर गाठत होती. आणि आता बाहेर अख्खा जिना बसला होता. त्यातल्या कुणाला तरी असेल, कुणाला नसेल, आणि असणाऱ्यालाच ते माहीत नसेल. “आता बाहेर काय सांगणार?” तिने विचारलं. “नाही निघालं म्हणून सांग ना. त्यांना काय कळतंय.”

“खोटं सांगू? या खुर्चीत बसून?”

“मग खरं?”

“तेही का सांगू?” आई म्हणाली, पट्टी पिवळ्या डब्यात टाकली, आणि घड्याळ खणखणलं.

चादर सरली. सगळ्या नजरा आईच्या चेहऱ्यावर येऊन बसल्या, तांदूळ निवडताना खडा शोधतात तशा. आई ज्या चेहऱ्याने आत गेली होती त्याच चेहऱ्याने बाहेर आली होती. पोरगी तिच्या मागे होती. “मग?” काकू म्हणाल्या. “काय निघालं?”

“ते मी नाही सांगणार.”

“अगं बाई! म्हणजे?”

“म्हणजे ते माझं आहे.”

“लपवण्यासारखं आहे का काही?”

“असेल, नाहीतर नसेल.” आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. “आता मी माझंच तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही एवढं विचारूनसुद्धा. मग तुमचं मी दुसऱ्या कुणाला सांगेन का? बघा विचार करून. घाई नाही. आम्ही आहोत इथेच.” आणि ती वळून आत गेली, आपल्या खुर्चीत बसायला.

जिना गप्प झाला. पण ही गप्प बसायची जात निराळी होती. मघाशी माणसं ‘नाही’ म्हणून गप्प होती, आता ती आपापल्या आत कुठेतरी उतरत होती, हिशेब करत, जुनं काहीतरी चाचपत. लिफ्टवाले काका नखं बघायला लागले. शिंपी, ज्याला कावीळ झाली होती, तो एकटाच किंचित हसत होता. काकूंनी मात्र मोर्चा तिच्याकडे वळवला. त्यांना ठाऊकच होतं, ही पोरगी म्हणजे उघडी खिडकी, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी तिला बाजूला ओढलं, अगदी मायेने, केस वगैरे मागे सारले. “तू होतीस ना गं आत? तू बघितलंस ना? मला सांग. मी कुणाला नाही सांगायची, आईशप्पथ.”

आणि ते वाक्य तिच्या तोंडात आलं. सबंध. त्याला वजन होतं, चव होती, थोडी लोखंडासारखी. तोंड इतकं भरलेलं असूनही बंद ठेवता येतं हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, गप्प राहणारी माणसं रिकामी असतात. तिने काकूंकडे बघितलं, आणि एवढ्या जवळून बघितल्यावर तिला दिसलं की काकूंच्या वरच्या ओठावर घाम होता. पंखा जिन्यातही होता. त्या जे विचारत होत्या ते आईविषयी नव्हतंच. काकूंचे यजमान फिरतीच्या नोकरीवर असायचे, महिनोन्महिने, आणि गेल्या खेपेला आले ते वाळून निम्मे होऊन, हे अख्ख्या इमारतीने बघितलं होतं, आणि त्यावर काकू नेमकं काहीच बोलल्या नव्हत्या.

“काकू,” ती म्हणाली, “आत गार आहे. पंखा एकदम डोक्यावर येतो. आणि खुर्ची हलते, पण पडत नाही. बसा ना जाऊन.”

काकू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिल्या. बराच वेळ. ती तशीच बघत राहिली, डोळे न हलवता. तिथे त्यांना काही सापडलं नाही, आणि ते न सापडल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी खोचलेला पदर काढला. हातातली किल्ल्यांची जुडी तिच्या हातात कोंबली. “धर हे. आणि इथेच उभी राहा. कुणाला आत सोडू नकोस हं,” असं म्हणून त्या चादरीआड गेल्या, मागोमाग सिस्टरही. जाताना त्यांनी पायऱ्यांकडे वळून बघितलं नाही.

“कुठल्या हाताने कामं करता?” आईचा आवाज आतून आला. “मग दुसरा द्या.” टक्. सिस्टरने घड्याळ पिळलं. ती चादरीला पाठ लावून उभी राहिली, किल्ल्या घट्ट धरून. आतून सुरुवातीला आईचं बोलणं ऐकू येत होतं, काहीतरी शिवणयंत्राबद्दल, मग ते बारीक झालं. मग काकूंचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटेना, लहान मुलीचा वाटला, तुटका, एकेक शब्द काढून देणारा. पायऱ्यांवरची माणसं किंचित पुढे सरकली. मुद्दाम नाही, पाणी उताराकडे सरकतं तशी. लिफ्टवाल्यांनी मान तिरपी केली. अजून दोन शब्द जरा मोठ्याने आले असते तर अख्ख्या जिन्याला समजले असते.

“ऐका हो सगळे!” ती म्हणाली. “आमच्या शाळेतल्या सांगाड्याची गंमत सांगते. प्रयोगशाळेत एक सांगाडा आहे आमच्या, आणि त्याला ना, परवा कुणीतरी गणवेश घातला! टायसकट! आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले...” माणसं तिच्याकडे वळली. तिने हात पसरले. साहेब कसे चष्मा पुसत आत आले, कसे म्हणाले, हा विद्यार्थी उभा का, आणि मुख्याध्यापक कसे म्हणाले, साहेब, तो फार दिवस गैरहजर होता. यातलं निम्मं तिने तिथल्या तिथे रचलं. जिना खदखदायला लागला. शिंपी पोट धरून हसला. पाठीवर चादर हलत होती, पंख्याने हलत असेल किंवा आत कुणीतरी चेहरा झाकायला हात उचलत असेल, तिला कळत नव्हतं. तिलासुद्धा आता आतलं ऐकू येत नव्हतं. तिने श्वास भरून घेतला आणि आवाज आणखी चढवला.